विरजण शेजारणीचं

मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळी तुम्हाला ठाऊक आहेत. गावाहून एकटा आलेला कामगार दोन्ही वेळ जेवायचा आणि पैसे द्यायचा पगार झाल्यावर. खाणावळ चालवणाऱ्या बाईला मात्र धान्य, तेल, भाजी रोज आणावी लागे. मधले दिवस वाण्याची उधारी, नाहीतर सावकार. धंदा बुडीत नव्हता, पैसा उशिरा येत होता. हे शेजारणीला कळत होतं, बँकेला कळत नव्हतं. बँक तारण विचारायची.

गोवा मुक्तिलढ्यातल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. गट करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण नाही, एकमेकींचा जामीन. त्याच्या आदल्याच वर्षी अहमदाबादेत सेवा संस्थेच्या चार हजार कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन स्वतःची बँक उभी केली होती.

माझा मुद्दा एकच आहे: कर्ज ठरवणारं माणूस त्या गल्लीतलं हवं.

विरजणाचं बघा. ते आपण शेजारणीकडून आणतो. दूध आपलंच असतं, चमचाभर दही तिचं. दूध कडकडीत असताना विरजण घातलं तर नासतं, गार झाल्यावर घातलं तर लागत नाही. ती वेळ साधायची तर चुलीजवळ असावं लागतं. आणि आपलं दही लागलं की त्यातलंच चमचाभर पुढच्या घरी जातं. फेडीचा पैसा असाच गल्लीत फिरतो.

लांबून येणाऱ्याला फक्त वसुली दिसते. एका घरावर सूक्ष्मकर्ज देणाऱ्या चार कंपन्यांची कर्जं चढली तरी चौघांनाही पत्ता नसायचा. २०१० साली आंध्रात अशाच कर्जांच्या ओझ्यानं आणि वसुलीच्या जाचानं काय संकट ओढवलं ते आपण पाहिलं. बाई फेडत नाही असं पटकन म्हणू नका हो! भाजीवालीची कमाई रोजची. तिला महिन्याचा हप्ता का लावता? हे गल्लीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून पुन्हा म्हणते, माणूस गल्लीतलं हवं.

आता वस्त्या उठून लांबच्या इमारतींत चालल्या आहेत. गटातल्या दहाजणी दहा ठिकाणी गेल्या तर जामीन कोण कोणाला राहणार? यावर बरंच बोलायचं होतं, विशेषतः पतपेढ्यांनी काय करावं याबद्दल, पण वेळ संपली आहे.