घरट्याचा पत्ता



पक्षिमित्रांच्या संमेलनाध्यक्षाने धरणं, पवनचक्क्या, विजेच्या तारा आणि कीटकनाशकं यांच्यावर बोलावं अशी अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून माळढोक कसा दिसेनासा होत गेला, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. पण त्या सगळ्या भाषणांत गुन्हेगार सभागृहाबाहेर असतो. आज मी सभागृहात बसलेल्या माणसांशी बोलणार आहे.

दुर्मीळ पक्षी दिसला की काय होतं ते आपण सगळे जाणतो. फोटो ग्रुपवर पडतो. अभिनंदनाच्या अंगठ्यांच्या पाठोपाठ ‘लोकेशन प्लीज’ सुरू होतं. कोणीतरी पिन टाकतो. तासाभरात ती दुसऱ्या शहरातल्या तिसऱ्याच ग्रुपवर पोचलेली असते, आणि रविवारी पहाटे त्या बांधावर गाड्यांची रांग लागते. पिन टाकणाऱ्याला त्यातल्या बहुतेकांची नावंही ठाऊक नसतात. त्याला आपला आनंद वाटायचा होता, त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की त्याने जे वाटलं ते वाटायचा अधिकार त्याला कोणी दिला?

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. पक्षी दिसल्याची नोंद सर्वांची आहे. ती खरी असली पाहिजे, नेमकी असली पाहिजे आणि टिकली पाहिजे. पण घरटं, ढोली, रातथारा (पक्ष्यांची रात्रीच्या मुक्कामाची जागा) यांचा पत्ता ग्रुपवर देता कामा नये आणि मित्राला खासगीतही देता कामा नये. या दोन गोष्टींत विरोध आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशीच मला भांडायचं आहे.

कोकणातला पावसाळा घ्या. तिबोटी खंड्या जूनच्या पावसाबरोबर येतो. ओढ्याकाठच्या मऊ मातीत, कधी रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत बीळ खणतो. चिमणीएवढा जीव. नर-मादी दोघं मिळून पिल्लांना सापसुरळ्या, कोळी, लहान खेकडे भरवतात. ठिकाण फुटलं की बिळासमोर तिवया उभ्या राहतात. मग आड येणाऱ्या फांद्या तोडल्या जातात आणि फोटोत शोभेल अशी शेवाळलेली काटकी रोवली जाते. चोचीत सापसुरळी धरलेला पक्षी पलीकडच्या झुडपात येऊन बसतो आणि बसूनच राहतो. सगळे कॅमेरे एकदम कडकडतात. ‘काय पोज दिली!’ असं माणसं म्हणतात. तो पक्षी घाबरून थांबलेला असतो, आणि तो थांबलेला असतो तेवढा वेळ आत पिल्लं उपाशी असतात. माणसं संध्याकाळी निघून जातात. तोडलेल्या फांद्यांमुळे उघडं पडलेलं बीळ मात्र त्यानंतरही उघडंच असतं. सापाला आणि मुंगसाला तेवढं पुरतं. या पक्ष्याचं इंग्रजी आद्याक्षरांचं ‘ओडीकेएफ’ हे नाव आता सहलींच्या जाहिरातीत असतं, लपून बसायच्या आडोशासकट (हाइड) आणि शॉटच्या हमीसकट. ज्या शॉटची हमी देता येते तो घरट्यावरचाच असतो, कारण पक्ष्याला परत येणं भाग असतं अशी ती एकच जागा आहे.

धनेशाचं याहून कठीण. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि एका फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांना भरवतो. मोठ्या धनेशात हे तीन-चार महिने चालतं. देवराईतल्या त्या झाडाखाली माणसं जमली की नर चोचीतली फळं घेऊन लांबच्या झाडावर खोळंबतो. आतली मादी बाहेर येऊन स्वतःचं पोट भरू शकत नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 यातल्या कलम 2 मध्ये शिकारीची व्याख्या आहे, ती एकदा वाचा. वन्य पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना इजा करणं, तसंच अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हे त्या व्याख्येत येतं. बंदूक हातात असण्याची अट तिथे नाही. आपण स्वतःला शिकाऱ्यांचे विरोधक समजतो. घरट्यासमोर तिवई रोवून बसलेला माणूस कायद्याच्या कोणत्या बाजूला उभा आहे हे प्रत्येकाने तपासून पाहावं, आणि त्याला तिथवर पोचवणाऱ्या पिनेचा धनी कुठे उभा आहे हेही.

आणि ही पिन फक्त छायाचित्रकारच वाचतात असं कोणी सांगितलं? ट्रॅफिक या संस्थेने 2010 साली भारतातल्या घुबडांच्या बेकायदा व्यापारावर अहवाल प्रसिद्ध केला. काळ्या जादूसाठी घुबडं पकडली जातात आणि दिवाळीच्या अमावास्येच्या सुमारास त्यांची मागणी वाढते, हे आपल्याला त्याच्या आधीपासून माहीत आहे. शृंगी घुबडाची कपार वर्षानुवर्षं तीच असते. एकदा पत्ता फुटला की तो परत घेता येत नाही. पिन तुम्ही ग्रुपवरून पुसाल, लोकांच्या फोनमधून कशी पुसणार?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण आतापर्यंत माना डोलावणाऱ्यांत काही ज्येष्ठ मित्रही आहेत. ग्रुपवर ते कधीच ठिकाण सांगत नाहीत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. पण त्यांच्याकडे एक वही असते आणि त्या वहीतली पानं निवडक मित्रांसाठी उघडतात. मोठी लेन्स असलेल्या पाहुण्यासाठी उघडतात, परदेशी पाहुण्यासाठी तर लगेच उघडतात. नवख्या मुलाने विचारलं की त्याला नीतिशास्त्र ऐकवलं जातं. याला मी संवर्धन म्हणत नाही, ही मक्तेदारी आहे. घरट्यापाशी तुम्ही नेलेला मित्र तिथे जाऊन वेगळा श्वास घेत नाही. त्या मुलाला हा भेदभाव पहिल्याच हिवाळ्यात कळतो, आणि मग तो स्वतः जे शोधतो ते सगळ्यांसमोर उधळतो. उघड उधळपट्टी आणि गुपचूप वाटप एकमेकांना पोसत आली आहेत.

काही जण आणखी पुढे जातात आणि खोटी जागा लिहितात. गर्दी टळावी म्हणून नोंदीत दुसरंच गाव टाकतात आणि आपण पक्ष्याचं भलं केलं असं मानतात. त्यांना मी रानपिंगळ्याची हकिकत सांगतो, ती आपल्याच खानदेशातली आहे. पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने 1873 मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. पुढे 1884 पर्यंत जमवलेले मोजके नमुने संग्रहालयांत पडून होते आणि नंतर पक्षी दिसेनासा झाला. मध्ये फक्त एक नोंद होती, रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची: 1914, गुजरातेतलं मांडवी. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला, तेव्हा तो जेम्स डेव्हिडसनने 1880च्या दशकात जमवलेल्यांपैकी निघाला. संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. त्या एका खोट्या गावाने शोधणाऱ्यांना कित्येक वर्षं भलतीकडे पाठवलं. खोटी चिठ्ठी बाजूला सारून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी निघाले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता. 113 वर्षांनी. डेव्हिडसनने गाव खरं लिहिलं होतं म्हणून तो सापडला. पुढे मेळघाटात, यावलमध्ये, मुंबईजवळच्या तानसात तो आढळला. म्हणून सांगतो, सांगायचं नसेल तर गप्प राहा, पण नोंदवहीत खोटं लिहू नका. आजच्या ग्रुपला फसवण्यासाठी लिहिलेलं गाव शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकालाही फसवतं.

गप्प राहण्यालाही मर्यादा आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाणे जाळ्यांत धरून हजारोंनी मारले जात होते. 2012 साली ते ठिकाणाच्या नावासकट जगासमोर आलं. वर्षभरात पांगती आणि आसपासच्या गावांनी जाळी लावणं बंद केलं. तेच ससाणे आफ्रिकेला जाताना आपल्या लोणावळ्यावरून जातात. दोयांगचं नाव दडवलं असतं तर वाचलं कोण असतं? तसंच आपल्या पाणथळींचं. एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात ‘येथे महत्त्वाचे पक्षी आढळत नाहीत’ असं वाक्य येतं, तेव्हा त्याला उत्तर म्हणून तारीखवार, जागावार नोंदीच लागतात. ‘आम्ही पाहिलेत, पण सांगणार नाही’ हे कोणत्याही सुनावणीत टिकत नाही.

मग कसं सांगायचं? मी पक्ष्याच्या नावापेक्षा तो तिथे काय करतो आहे हे आधी विचारतो. उजनीच्या पाण्यावर वाट चुकलेलं बदक उतरलंय, ठाण्याच्या खाडीत अनोळखी सुरय दिसलाय, तर लगेच सांगा. काठावरून शंभर माणसांनी दुर्बीण लावली तरी त्याचं बिघडत नाही, बाहेरगावच्या मुलाला एसटीने येऊन पाहता येतं आणि ओळख चुकली असेल तर दुसरे डोळे ती दुरुस्त करतात. फक्त भिगवणच्या नावाड्याला ‘थवा उडव’ म्हणू नका. पक्षी दमून गवतात पडला असेल तर सांगणं थांबवा. माळावर भोवत्या या शिकारी पक्ष्यांचा रातथारा असेल तर अजिबात नाही. ते हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि आपल्या गवतात जमिनीवरच रात्र काढतात. तिन्हीसांजेला त्यात जीप घालणाऱ्याला चाकाखाली काय आहे ते दिसतही नाही. त्याच गवतात चंडोल आणि धाविक जमिनीवर अंडी घालतात.

जागा झाकून नोंद ठेवणारी संकेतस्थळं हाताशी आहेत. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपण होऊन धूसर करतं, सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात. ईबर्डवर संवेदनशील ठरवलेल्या प्रजातींची नेमकी जागा इतरांना दिसत नाही, पण नोंद शास्त्रासाठी शाबूत राहते. तिथे आपली यादी लोकांपासून झाकताही येते किंवा विणीचा हंगाम संपल्यावर भरता येते. ग्रुपवर मात्र यातलं काहीच नाही, तिथे राखण फक्त ॲडमिनची. आणि ॲडमिन म्हणतो, लोकच ऐकत नाहीत. लोक ऐकत नसतील तर त्यांना काढा. जाहिराती टाकणाऱ्याला तुम्ही पाच मिनिटांत काढता.

ठिकाण उघडच करायचं असेल तर आधी राखण उभी करा. स्कॉटलंडमध्ये लॉख गार्टनला ऑस्प्रे पुन्हा वीण करू लागले. हिवाळ्यात आपल्या उजनीवर दिसतो तोच हा मासेमार पक्षी. घरटं गुप्त ठेवून पहारा दिला, तरी 1958 साली चोराने रात्री अंडी पळवली. पुढच्या वर्षी तिथल्या पक्षिसंरक्षण संस्थेने धोरण उलटवलं, लांबवर निरीक्षणाची जागा बांधली आणि लोकांना उघडपणे बोलावलं. हजारो माणसं आली आणि पिल्लं उडाली. आपल्याकडचं उदाहरण पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमणा अथ्रेया यांचं आहे. अरुणाचलातल्या ईगलनेस्टमध्ये त्यांना 1995 साली एक अनोळखी पक्षी दिसला. शास्त्राला तो नवा आहे हे त्यांनी जाहीर केलं ते 2006 मध्ये. पक्षी फार थोडे, म्हणून नमुन्यासाठी मारायचा रिवाजही पाळला नाही. मोजमापं आणि फोटो घेऊन, सुटलेली पिसं ठेवून त्यांनी पक्षी सोडून दिला. नाव दिलं तिथल्या बुगुन लोकांचं. तिथे जाणारा पाहुणा बुगुनांच्या जमिनीवर येतो आणि त्यांच्या व्यवस्थेत राहतो. म्हणून त्या पक्ष्याचं ठिकाण जगाला माहीत असूनही त्याला राखणारं कोणीतरी आहे.

आपल्या वाड्या-वस्त्यांवरचे वाटाडे माझ्या टीकेचे धनी नाहीत. कातकरी, भिल्ल, कोळी पोरांनी पक्षी दाखवून चार पैसे कमावले तर मला आनंदच आहे. पण शहरातून आलेला माणूस जास्त नोटा काढून ‘अजून थोडं जवळ’ म्हणतो, तेव्हा त्या पोराच्या पाठीशी कोण उभं असतं? अंतर किती ठेवायचं हे ग्रामसभेने ठरवलेलं असेल तर तो पोरगा नाही म्हणू शकतो. एकट्याकडून ही अपेक्षा करणं अन्याय आहे.

म्हणून या संमेलनापुढे मी ठराव मांडतो. घरट्यावर, ढोलीवर किंवा रातथाऱ्यावर घेतलेलं एकही छायाचित्र आपल्या प्रदर्शनात, स्पर्धेत, अंकात आणि ग्रुपवर यापुढे स्वीकारलं जाणार नाही, मग ते कितीही जुनं असो आणि कोणाचंही असो. घरट्याची किंवा घुबडाची पिन टाकणारा सभासद पहिल्या वेळी हंगामभर बाहेर राहील आणि दुसऱ्या वेळी कायमचा. पदाधिकाऱ्यांना यात सवलत नाही. आपल्या खासगी वह्यांतल्या नोंदी ज्येष्ठांनी तारीख, ठिकाण आणि संख्येसह येत्या पावसाळ्यापूर्वी नोंदसंचात भराव्यात, संवेदनशील जागा झाकून, पण खऱ्या. आणि वर्तमानपत्राला बातमी देताना तालुक्याच्या पुढचं नाव कोणी सांगू नये.

या ठरावाला विरोध आहे हे मला ठाऊक आहे. काल रात्री जेवणाच्या पंक्तीत तो माझ्या कानावर आला आहे. तो पंक्तीत राहू नये. दुपारच्या खुल्या सत्राची पहिली वीस मिनिटं मी विरोधकांसाठी मागून घेतली आहेत. त्यांनी इथे यावं, या ध्वनिक्षेपकासमोर आपली कारणं सांगावीत, आणि त्यानंतर हात वर करून उघड मतदान व्हावं.