राबणारा कायम पाहुणाच का?

(शेवगाव येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्र-मैत्रिणींनो, दसरा-दिवाळी झाली की आपल्या शेवगाव-पाथर्डीतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, कारखान्याजवळ कोप्या घालायच्या, पट्टा पडला की गावी परतायचं. राबणारा तिथं पाहुणाच राहतो. दीडशे वर्षांपूर्वी मॉरिशस बेटावर हाच प्रश्न उसाच्याच मळ्यात उभा राहिला होता.

१८३४ पासून तिथं हिंदुस्थानी मजूर करारावर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषक होते, मुसलमानही होते. करार संपल्यावर अनेकजण तिथेच राहिले. पण १८६७ च्या कायद्यानं त्यांना फोटोचा पास जवळ बाळगणं सक्तीचं केलं. पास नसला की भटक्या म्हणून अटक. १८७१ मध्ये अ‍ॅडॉल्फ द प्लेविट्झ या गोऱ्या मळेवाल्याच्या मदतीनं ९,४०१ जणांनी अर्ज केला. पुढच्या वर्षी शाही आयोग नेमला गेला. हक्क एका दिवसात मिळाले नाहीत. पण त्यांचे वंशज त्या बेटाचे नागरिक झाले. आज तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते.

आता बहरीन पाहा. तेही बेटच. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारनं ‘गोल्डन रेसिडेन्सी’ आणली. दहा वर्षांचा, पुढे वाढवता येणारा परवाना. नोकरदाराला अट अशी : किमान पाच वर्षं वास्तव्य आणि सरासरी मूळ पगार दरमहा २,००० दिनार. गवंडी, ड्रायव्हर, सफाई कामगार या आकड्याच्या जवळपासही जात नाही. वर्षं दोघांची सारखी, दार मात्र पगार बघून उघडतं.

कुणी म्हणेल, निम्म्याहून अधिक लोकसंख्या परदेशी असलेला छोटा देश सगळ्यांना कसा ठेवून घेईल? शंका रास्त आहे. म्हणून सगळ्यांना एकदम नको. पण मोजायचंच तर पगाराऐवजी वर्षं मोजा. पंधरा वर्षं राबलेल्याला तरी राहू द्या.

मदिनेतल्या अन्सारांनी मुहाजिरांना भाऊ मानलं, कमाई विचारली नाही. हे आपण अभिमानानं सांगतो. मग आपल्या गल्लीत भाड्यानं राहणाऱ्या परप्रांतीय मजुराला ‘बाहेरचा’ कसं म्हणतो? संविधानाच्या कलम १९ नं प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. आखातातल्या आपल्या भावासाठी जे मागतो, ते इथं दुसऱ्याच्या भावाला आधी देऊ या.