कालच्या उन्हाचं पाणी

देवपुरात पांझरेकाठची थंडी कशी असते, हे धुळेकरांना सांगायला नको. अशा पहाटे फजरच्या नमाजाआधी वजूला कोमट पाणी हवं, म्हणून पूर्वी अम्मी सगळ्यांच्या आधी उठून बंब पेटवायची. पऱ्हाट्यांचा धूर तिच्या डोळ्यांत, ऊन पाणी आमच्या हातांवर.

आता गच्चीवर सौरबंब आहे. त्याला पंप लागत नाही. काळ्या नळ्यांत तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. टाकीला जाड आवरण असतं, म्हणून काल दुपारचं पाणी आज पहाटेही गरम. सूर्य उगवण्याआधी सूर्याचीच ऊब! कवीला आणखी काय हवं?

विकत घेताना मात्र कवी होऊ नका. तोंड दक्षिणेला हवं, डिसेंबरातही सावली नको. बोअरचं पाणी जड असेल तर आत क्षार धरतात. साफसफाईचं आधीच विचारा. नळ उघडला की पाइपातलं गार पाणी आधी येतं. वजूला लागतं तांब्याभर आणि वाहून जाते बादली! ती भांड्यांसाठी धरून ठेवावी.

आपल्याच जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३मध्ये १२५ मेगावॅटचा सौर वीजप्रकल्प उभा राहिला. पाणी तापवायला एवढा खटाटोप नको, ऊन थेट चालतं.

पण गच्ची हवी. आमच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांतून अजून पहाटे धूर निघतो. चार बिऱ्हाडांत एक टाकी बसवा, असं मी एका घरमालकांना सुचवलं. ते म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात बघू.’’