अरिष्टाआधीची कणगी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



आपत्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १९९३ चा किल्लारीचा भूकंप किंवा २००५ चा महापूर उभा राहतो. मदतीचे ट्रक निघतात, आपणही धावून जातो. जव्हार-मोखाड्याची आपत्ती अशी गाजावाजा करीत येत नाही. पावसाळ्यात धो-धो कोसळणाऱ्या या डोंगरांत वैशाखात टँकर फिरतात. आणि कापलेला भात शेतात आडवा असताना दोन दिवस पाऊस लागला, की वर्षाचे धान्य जागेवरच मोड धरते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कोकणभर हेच घडले. वृत्तपत्रांत त्याच्या चार ओळी येतात. त्या चार ओळी लिहिणाऱ्यांत मीही आहे.

त्या घरात मात्र पुढची साखळी सुरू होते. धान्य नाही म्हणून वीटभट्टीची वाट लवकर धरावी लागते. पोरांची शाळा सुटते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. उपासमार काय करते, हे या मातीला सांगावे लागत नाही.

म्हणून तयारीचा आरंभ कणगीपासून करावा. नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षे टिकते, तिला सहसा कीड लागत नाही. वरकस जमिनीवर नाचणी-वरई राखणारा आपला वनवासी बांधव अडाणी नव्हता. एक पीक गेले तर दुसरे हाती राहावे, हा त्याचा विमाच होता. बाएफच्या वाडी प्रकल्पातून आलेल्या आंबा-काजूचे मोलही तेच. सरकारी पीकविमा अवश्य काढावा. पण एक रुपयातील योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली, खरिपाचा हप्ता आता दोन टक्के आहे, हे घरोघर सांगायला हवे.

दुसरी गोष्ट कागदांची. वनहक्काचा पट्टा, सातबारा, पासबुक आढ्याला टांगलेल्या पिशवीत भिजून जातात आणि पंचनाम्याच्या वेळी माणूस रिकाम्या हाताने उभा राहतो. प्लास्टिकच्या जाड पिशवीत कागद ठेवा, त्यांची छायाचित्रे मोबाईलमध्ये ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची पूर्वसूचना देते. मात्र रेंज नसलेल्या पाड्यावर ढग गडगडताच झाडाखालून निघून पक्क्या छपराखाली जाणे, एवढेच हाती उरते.

आणि स्थलांतराच्या दिवसांत घरी राहते ती म्हातारी आजी. यंदा मृगाआधी पाड्यावर जाल तेव्हा तिच्यापाशी बसा. कणगीत किती आहे, आणि रात्री छप्पर उडाले तर तिला हात धरून कोण नेणार, हे तिलाच विचारा.