भीतीची चित्रलिपी



ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही चित्र कळते, असे आपण नेहमी म्हणतो. ते खरे आहे, पण पुरतेपणी नाही. चित्र वाचण्याचेही काही संकेत असतात आणि ते आपल्याला कुणीतरी शिकविलेले असतात. केव्हा व कसे शिकलो, ते आपण विसरतो, इतकेच. आज रहस्यपटांची पोस्टरे आणि रहस्यकथांची मुखपृष्ठे यांतील अशाच काही संकेतांचा विचार करू या. विषय वरवर करमणुकीचा वाटेल. पण तो तेवढ्यावरच थांबत नाही.

संकेत म्हणजे काय, हे पाहायला मुंबईला जायला नको. आपल्याकडे धर्मापुरीला केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी आणि देवदेवता कोरलेल्या आहेत. अशा मंदिरांवर मूर्तीखाली नाव असतेच असे नाही. तरी जाणता माणूस मूर्ती ओळखतो. हाती त्रिशूळ आणि डमरू दिसला की तो शिव. विष्णूचे तर केशव, नारायण, माधव असे चोवीस प्रकार मानतात. सगळ्यांच्या हाती शंख, चक्र, गदा आणि पद्म हेच. फक्त कोणत्या हातात काय, हा क्रम बदलतो, आणि क्रम बदलला की नाव बदलते. म्हणजे शिल्पकार आणि भाविक यांच्यात एक करारच झालेला असतो म्हणा ना!

पोस्टर रंगविणाऱ्याचेही असेच आहे. फरक एवढाच, की भाविक देवळाला सावकाश प्रदक्षिणा घालतो, आणि पोस्टरासमोरचा माणूस बाजाराच्या घाईत असतो. जत्रेत तंबूतला सिनेमा येई तेव्हा खळ लावून चिकटविलेल्या कागदाला, माणूस चार पावले पुढे जाण्याच्या आत, सांगावे लागे की हा खेळ देवादिकांचा नाही, तमाशाचा नाही. हा खुनाचा आहे!

ते कसे सांगायचे? पहिली खूण उजेडाची. सूर्याचा उजेड वरून येतो, म्हणून वरून उजळलेला चेहरा आपल्या ओळखीचा. तोच चेहरा खालून उजळला, की नाकाची सावली कपाळाकडे चढते, डोळ्यांच्या खोबणी निराळ्याच दिसतात आणि ओळखीचा माणूस परका वाटतो. शेकोटीभोवती बसलेल्यांनी हे पाहिलेले असते. दुसरी खूण सावलीची. कंदील जमिनीवर ठेवला की भिंतीवरची सावली माणसाच्या दुप्पट होते. चित्रकार माणूस लपवितो आणि सावली दाखवितो. तिसरी खूण हाताची. चौकटीच्या कडेतून सुरा धरलेला नुसता हात आत येतो. हात कुणाचा? हे कळण्यासाठी तिकीट काढायचे! शिवाय तिरपी अक्षरे, त्यांतून ओघळणारे थेंब, अर्धवट उघडे दार, वर जाणारा जिना. आणि रंग काळा, लाल व पिवळा. हे रंग लांबून उठून दिसतात, आणि थोड्या रंगांत काम भागले तर छपाईही स्वस्त पडते.

पिवळ्या रंगाची एक मौज सांगतो. इटलीत मोंदादोरी नावाच्या प्रकाशनसंस्थेने १९२९ मध्ये रहस्यकथांची एक माला पिवळ्या मुखपृष्ठांत काढली. ती इतकी खपली, की इटालियन भाषेत पिवळा या अर्थाचा ‘जालो’ हा शब्द रहस्यकथेचेच नाव होऊन बसला. गोष्टीचे नाव वेष्टणावरून पडले!

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय हे नायक घरोघरी ठाऊक झाले. अर्नाळकरांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे रंगविणाऱ्यांत रघुवीर मुळगावकर होते. हेच मुळगावकर दिनदर्शिकांवरची देवदेवतांची चित्रेही काढीत. ज्या कुंचल्यातून लक्ष्मी उतरली, त्याच कुंचल्यातून झुंजारही उतरला. देवाची ओळख पटविणे आणि नायकाची ओळख पटविणे, दोन्ही कामे खुणांचीच.

चित्रपटांतही खुणा ठरून गेल्या. १९६४ च्या ‘वह कौन थी’ मध्ये पांढऱ्या साडीतली साधना भर पावसात उभी राहिली. त्यानंतर पांढरी साडी आणि अंधार एवढ्यावरच प्रेक्षक काय ते समजू लागला. पण खूण नेहमी सुऱ्याचीच हवी असे नाही. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ या १९५८ च्या चित्रपटाचे सॉल बास यांनी केलेले पोस्टर पाहा. नारिंगी रंगावर पांढऱ्या रेषांचा एक भोवरा, आणि त्यात ओढल्या गेलेल्या मानवाकृती. रक्त नाही, हत्यार नाही. तरी पाहणाऱ्याला गरगरते.

आता मुद्द्याची गोष्ट. उजेड, सावली, रंग यांच्या खुणा निरुपद्रवी आहेत. पण कित्येक पोस्टरांवर आणखी एक खूण असते, ती म्हणजे गुन्हेगाराचा चेहरा. काळा रंग, वाढलेली दाढी, गालावर व्रण, फाटके किंवा परक्या मुलखाचे कपडे. बाई वाईट दाखवायची, तर तिच्या हाती सिगारेट. देवळावरची मूर्ती आपण बहुधा तिच्या हातातल्या वस्तूवरून ओळखतो. इथे माणूस कातडीवरून ओळखायला शिकतो. गोष्टीत शेवटी खुनी निघतो तो बहुधा गोऱ्यागोमट्या, सभ्य चेहऱ्याचाच! पण गोष्ट वाचणारे थोडे, आणि मुखपृष्ठ पाहणारे पुष्कळ.

चेहऱ्यावरून आणि जातीवरून गुन्हेगार ठरविण्याची सवय केवळ चित्रकाराची नव्हे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदाच करून काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण कायदा पुसला तरी मनातले चित्र राहते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, मुले पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांच्यापाशी पुरावा कुणाला सापडला नव्हता. ते परके होते आणि परक्यासारखे दिसत होते, एवढे पुरले. याचा दोष कुणा पोस्टराला देणे बरोबर होणार नाही. पण दिसण्यावरून निकाल द्यायची घाई आपल्या अंगी किती मुरली आहे, हे त्या दिवशी दिसले. आज तर भिंतीची जागा मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे. पोस्टर गावात एक लागे. चित्र आता प्रत्येकाच्या खिशात येते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना म्हणून एक सुचवितो. एखादे जुने मुखपृष्ठ वर्गात न्या. नाव कागदाने झाका आणि तीन प्रश्न विचारा. चित्रात काय दिसते? त्यावरून तुम्ही काय ठरविले? आणि ते ठरविण्याला चित्रात आधार काय? पहिल्या दोन प्रश्नांना मुले भराभर उत्तरे देतील, तिसऱ्याला थांबतील. त्यांना तसेच थोडा वेळ थांबू द्या. मग सांगा, की एक भीतीदायक चित्र काढा, पण त्यात कुणाचाही चेहरा नको. कंदील, दार आणि सावली एवढ्यावर मुले काय काय करतील ते पाहा.

रहस्यकथा जरूर वाचाव्यात, सिनेमाही पाहावा. भिंतीवरची सावली पाहून दचकण्यात मौज आहे. मात्र सावली ही चित्रकाराने घातलेली खूण आहे, आणि दारात उभा राहिलेला परका मनुष्य हा मनुष्य आहे, एवढा भेद मुलांना कळला पाहिजे. चित्रे वाचायला शिकणे हीसुद्धा साक्षरताच होय.