नॅकमागचा भौतिकशास्त्रज्ञ

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातलं चारठाणा. यादवकाळातली देवळं आणि कोरीव दगडी स्तंभाचं गाव. इथून बारावी करून पुढं शिकायला निघालेल्या पोराला कुणीतरी विचारतंच, "कॉलेजला नॅकची ग्रेड कोणती?"

ही ग्रेड देणारी नॅक, म्हणजे कॉलेजं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद, १९९४ साली स्थापन झाली. परभणीची कॉलेजं ज्याला जोडलेली आहेत, ते नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठही त्याच वर्षीचं. नॅकचे संस्थापक संचालक होते पुणे विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, डॉ. अरुण निगवेकर.

पद्धत साधी होती. कॉलेजनं आधी स्वतःबद्दल स्वतःच लिहायचं, मग बाहेरचे प्राध्यापक येऊन ते ताडून पाहणार. प्रयोगवहीतला आकडा दुसऱ्यानं पुन्हा मोजून बघावा, तसंच. समिती येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, ग्रंथालयाच्या रजिस्टरवरची धूळ झटकली जाते, हा भाग निराळा!

पुढं १९९८ ते २००० निगवेकर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि २००२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) अध्यक्ष. त्यांच्याच कारकिर्दीत 'यूजीसी-इन्फोनेट' हे विद्यापीठांना जोडणारं संगणकजाळं आलं. त्यामुळं महागडी परदेशी संशोधनपत्रिका विद्यापीठातल्या संगणकावर उघडू लागली. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं.