आरोग्याचा जमाखर्च



आरोग्यावर बोलण्यासाठी एका हिशेबतपासनिसाला उभे केले, याचे तुमच्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मलाही वाटले होते. निमंत्रण घेऊन मंडळी आली तेव्हा मी म्हणालो, "अहो, एखाद्या चांगल्या डॉक्टरांना बोलवा." त्यावर त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर नेहमीच येतात. बिल भरणारा माणूस आम्ही अजून बोलावला नाही." या उत्तरानंतर मला नाही म्हणवेना.

सहकारी संस्थांच्या वह्या तपासण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. त्या कामात एक गोष्ट मी शिकलो. पावती खरी असते, बेरीज बिनचूक असते, सही जागच्या जागी असते, आणि तरीही खर्च वाया गेलेला असतो. विहिरीवर पैसे पडतात, त्याचे कागद असतात, फक्त विहिरीला पाणी नसते. वही म्हणते खर्च झाला. गाव म्हणते तहान तशीच आहे. आरोग्याच्या वहीला मी आज हीच कसोटी लावणार आहे. किती रुपये गेले एवढेच विचारून भागत नाही. त्या रुपयाने रोग्याचे काय भले झाले, हे विचारले पाहिजे.

हा प्रश्न पनवेलकरांपुढे मांडताना मला संकोच वाटत नाही, कारण औषधाशी या गावाचे नाते जुने आहे. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी येथे धूतपापेश्वराच्या नावाने आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला आणि पनवेलचे नाव औषधाच्या बाटलीवरून घरोघरी गेले. आज याच तालुक्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधनाची मोठी संस्था उभी आहे. रस्त्याच्या दुतर्फा रुग्णालयांच्या पाट्या आहेत. औषध नाही अशी आपली तक्रार नाही. औषधाचा हिशेब नाही, ही आहे.

आधी घरचीच वही उघडतो. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, याच तालुक्यातले. जमीन संपादनात गेली, पैसा हाती आला, आणि माणूस प्रेमळ असल्यामुळे त्यांनी घरच्यांच्या प्रकृतीवर सढळ हाताने खर्च केला. दरवर्षी सगळ्यांच्या सर्व तपासण्या. ताप आला की सलाईन. अशक्तपणा वाटला की ताकदीचे इंजेक्शन. एका तपासणीत त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी रोजची एक साधी गोळी लिहून दिली. भाऊजींनी ती चार महिने घेतली आणि सोडली. का, तर कोणी तरी सांगितले, "एकदा सुरू केली की कायमची मागे लागते." बरे वाटत होते, मग गोळी कशाला? दोन वर्षांनी एका सकाळी चहाचा कप हातातून गळाला. पक्षाघात! बावीस दिवस अतिदक्षता विभागात काढले. त्या रुग्णालयाने काही कसूर केली असे मी म्हणणार नाही. तेथील माणसांनी शिकस्त केली. पण बिल भरायला एक भूखंड विकावा लागला, आणि भाऊजींचा उजवा हात आजही उठत नाही.

सवयीप्रमाणे मी हिशेब मांडला. सुटलेल्या सगळ्या गोळ्यांची किंमत त्या विभागातल्या एका दिवसाच्या भाड्यात भागली असती. गोळी घेतली असती तर पक्षाघात आलाच नसता, अशी हमी कोणी देणार नाही. पण धोका पुष्कळ कमी झाला असता, यात वैद्यकात दुमत नाही. म्हणजे ज्या घरात आरोग्यावर पाण्यासारखा पैसा गेला, त्याच घरात जेथे थोडासा पैसा खरे काम करणार होता तेथे तो गेला नाही.

यावरून उधळपट्टीचे तीन प्रकार माझ्या ध्यानात आले. नको ते करणे हा पहिला. हवे ते, स्वस्तातले आणि खात्रीचे, न करणे हा दुसरा. हा वहीत दिसत नाही, म्हणून जास्त घातक. आणि एकाच वस्तूला गरज नसताना जास्त दाम मोजणे हा तिसरा.

आता कोणी म्हणेल, महागडा उपचार तो चांगलाच असणार. या समजुतीची परीक्षा आपल्याच देशात झालेली आहे. माझ्या वडिलांच्या पिढीत क्षय झाला की आरोग्यधामात जावे लागे. स्वच्छ हवा, पूर्ण विश्रांती, दूध, अंडी, महिनोन्‌महिने मुक्काम. ज्याला खाट मिळाली तो भाग्यवान. बाकीचे घरी खोकत राहात. १९५६ साली मद्रासला डॉक्टरांनी एक धीट प्रश्न विचारला: औषध तेच दिले तर खाट हवीच कशाला? गरीब वस्तीतल्या क्षयरोग्यांचे त्यांनी दोन गट केले. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नाही, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले. दुसऱ्याला त्याच्या दाटीवाटीच्या घरातच औषध दिले. वर्षभर दोघांना औषधे एकच. १९५९ साली निकाल छापला गेला. घरचे रोगीही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते, आणि त्यांच्या घरातल्या माणसांना अधिक लागण झाली नव्हती. त्या एका प्रयोगाने जगभरच्या क्षयरोग-उपचाराची दिशा बदलली. खाटेवरचा पैसा औषधाकडे वळवता आला, आणि ज्यांना खाट कधीच मिळाली नसती त्यांच्यापर्यंत उपचार पोचला.

तेथे औषधाला कात्री लावली नव्हती, हे कृपया लक्षात घ्या. ज्या गोष्टीने गुण येत नाही ती शोधून काढली आणि तेवढीच बाजूला ठेवली. काटकसर आणि कंजुषी यांत हाच फरक आहे.

ही परंपरा आजही चालू आहे, आणि तिचे एक घर तुमच्या शेजारी आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळेवर ओळखायचा, तर पाश्चात्य पद्धतीला प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि पैसा लागतो. येथे काय वापरले? आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असते ते सौम्य अॅसिटिक आम्ल. ते लावल्यावर संशयास्पद जागा पांढरी दिसते. तपासणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, मुद्दाम तयार केलेल्या कार्यकर्त्या होत्या. या तपासणीमुळे त्या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

दुसरे उदाहरण तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे. तंबाखूपायी हा रोग आपल्याकडे किती, हे सांगायला नको. या रोगावरचे एक नवे इंजेक्शन इतके महाग, की बहुतेक रोगी त्याचे नावही काढत नाहीत. टाटांच्या डॉक्टरांनी नेहमीच्या मात्रेच्या सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २० मिलिग्रॅम, एवढेच औषध साध्या गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षभर जगलेले १६ टक्के होते. या गटात ते ४३ टक्के निघाले. २०२२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. थोडी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चांगली, असे त्यातून सिद्ध झालेले नाही; ती तुलना त्यात नव्हतीच. पण ज्याच्यापुढे पूर्ण मात्रा की काहीच नाही असा पेच होता, आणि ज्याच्या वाट्याला बहुधा काहीच नाही हेच येणार होते, त्याला मधली वाट मिळाली.

तिसऱ्या उदाहरणाने माझ्यातला सहकारी हिशेबनीस खूष झाला. देशातल्या कर्करोग रुग्णालयांनी २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग जाळे उभे केले, आणि पुढे त्यांतल्या काहींनी मिळून ४० औषधांची एकत्र खरेदी केली. औषध तेच, एकेकट्याने घासाघीस करण्याऐवजी सर्वांनी एकजुटीने भाव मागितला. काही औषधांचे भाव चतुर्थांशाने उतरले, तर काहींचे जवळजवळ नाममात्र उरले. आपल्या सोसायट्या खताच्या पोत्यांसाठी जे करतात, तेच हे!

येथवर कौतुक झाले. आता आपल्याकडे वळू, कारण सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारून टाळ्या घेणे सोपे आहे. धंद्यात कट आहे, कमिशन आहे. २००२ च्या नियमावलीने डॉक्टरांना अशी दलाली देण्याघेण्यास स्पष्ट मनाई केली आहे, तरी ती चालते, हे उघड गुपित आहे. पण आपण काय करतो? डॉक्टर वीस मिनिटे बसून प्रकृतीची चौकशी करतात आणि म्हणतात, "औषधाची गरज नाही, विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या." त्या सल्ल्याचे दोनशे रुपये देताना आपला हात जड होतो. "काही दिलेच नाही," अशी कुरकुर करत आपण बाहेर पडतो. तेच डॉक्टर सुई टोचतील तर पाचशे आनंदाने देतो. शहाणपण फुकट मागायचे आणि सुईचे पैसे द्यायचे, असा बाजार आपणच भरवला आहे. मग बाजारात सुयाच येणार!

सर्दीपडसे बहुधा विषाणूंमुळे होते. त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. तरी आपण ती मागून घेतो, आणि खऱ्या गरजेच्या दिवशी ती बोथट झालेली आढळतात. सलाईनची बाटली म्हणजे मुख्यतः मीठ आणि पाणी. ज्याला तोंडाने पिता येते त्याला ते बहुधा तोंडानेच पुरते. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पाजायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यू चार टक्क्यांखाली आले. आणि आपण साध्या थकव्याला बाटली लावून घेतो!

बाळंतपणाचे घ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणे १४ टक्के आढळली. खाजगी रुग्णालयांत ४७ टक्के. अडलेल्या बाईला ही शस्त्रक्रिया वरदान आहे. तीत दिरंगाई झाली तर दोन जीव जातात. पण दोन आकड्यांमधले हे सारे अंतर अडलेल्या बायकांचे आहे, असे मानणे मला जड जाते. हृदयाच्या स्टेंटचेही तसेच. सरकारने २०१७ साली औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली; त्याआधी सरासरी छापील किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. भाव उतरला हे उत्तमच. परंतु स्वस्त झालेली वस्तूही ज्याला नको त्याला बसवली, तर ती महागच. हृदयविकाराचा झटका आला असता ती जीव वाचवते, तेथे क्षणाचाही विलंब नको. पण चालताना छातीत दुखते आणि दुखणे स्थिर आहे, अशा बहुसंख्य रोग्यांना औषधांपेक्षा स्टेंटने आयुष्य अधिक लाभत नाही. दुखणे मात्र कमी होऊ शकते. हा फरक रोग्याला समजावून सांगणे, हाच खरा उपचार.

एक आक्षेप रास्त आहे, आणि तो मी टाळणार नाही. "सरकार आधीच आरोग्यावर हात आखडता घेते, आणि तुम्ही आम्हांलाच काटकसर शिकवता?" राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ साली आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ६४ टक्के लोकांच्या खिशातून जात होता, २०२१-२२ साली तो ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी, पण शंभरातले ३९ रुपये त्या वर्षीही आजारी माणूसच मोजत होता. म्हणून सरकारने अधिक खर्च करावा, हे माझेही मागणे आहे. परंतु गळक्या माठात दोन घागरी जास्त ओतल्या म्हणून तो भरत नाही. माठ लिंपणे आणि पाणी आणणे, दोन्ही कामे बरोबरच करावी लागतील. उपजिल्हा रुग्णालयात रक्तदाबाची गोळी वर्षाचे बाराही महिने मिळते का, हे आपण नागरिकांनी विचारायला हवे. रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी आपण मोर्चे नेतो. गोळ्यांच्या रिकाम्या कपाटासाठी नेलेला मोर्चा मी अजून पाहिलेला नाही.

आणि घरी? डॉक्टरांना चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. हे केले नाही तर काय होईल? याहून साधा उपाय आहे का? या तपासणीने पुढचा उपचार बदलणार आहे का? आणि एकूण खर्च किती येईल? महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे खाजगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावायची आहे. ती वाचण्यात लाज कसली? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. आपले म्हणणे कोणी ऐकून घेत आहे, याचे त्यांना समाधानच वाटते.

गेल्या दिवाळीत मी भाऊजींकडे गेलो होतो. आता ते रोज सकाळी डाव्या हाताने गोळी घेतात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर डाव्याच हाताने वेडीवाकडी खूण करतात. मी ती पाहात होतो, तर ते हसून म्हणाले, "तपासनीस, वही बरोबर आहे ना?" मी महिन्याच्या खुणा मोजल्या. एकही दिवस चुकला नव्हता. पस्तीस वर्षांत इतकी चोख वही मी पाहिली नाही, आणि इतक्या उशिरा सुरू झालेलीही नाही. येथून घरी गेल्यावर आपापल्या घरातली वही एकदा उघडून पाहा, एवढीच माझी विनंती आहे.